देवळें पाहण्याची विद्या: वसईच्या किल्ल्यापासून जुन्या गोव्यापर्यंत एक अभ्यासयात्रा

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाचा इतिहास, आजवरच्या धर्मगुरूंची नामावली आणि देणगीदारांचे आभार एवढें आलें म्हणजे पुरे, असें कोणी म्हणेल. आणि तें खोटेंही नाहीं. तरी ह्या पानांत एका प्रवासाची हकीकत आम्ही मुद्दाम घालीत आहों. कारण असें कीं, ज्या देवळाची ज्युबिली आपण साजरी करीत आहों, त्याच देवळाच्या भिंती यंदा जवळजवळ सोलून निघावयाच्या होत्या. आणि तो बेत ज्यांनीं मनापासून उचलून धरला होता त्यांत आम्ही स्वतः पहिले होतों. तो बेत कसा फिरला हें कळल्यावांचून यंदाचें काम आणि यंदाचा हिशेब वाचकांस नीट उमगणार नाहीं.

देवळाचा जुना चुन्याचा गिलावा ठिकठिकाणीं फुगला होता. पावसाळा सरला कीं भिंतींवर हिरवट डाग उमटत. ज्युबिलीच्या निमित्तानें तो सारा गिलावा बाहेरून खरवडून काढावा, आंतला काळा दगड उघडा करावा, सांध्यांत सिमेंट भरावें, आणि आंतील बाजूस सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करून वर तैलरंग द्यावा, असें ठरलें. दगडी देऊळ किती भारदस्त दिसेल, ह्या कल्पनेनें आम्ही सारे हरखून गेलों. केवळ एका वृद्ध सभासदानें एवढेंच सुचविलें कीं, पहार लावण्यापूर्वीं एकदां जाणत्याला दाखवा. त्यावरून जुन्या इमारतींच्या डागडुजींत ज्यांचा जन्म गेला अशा एका वास्तुविद् गृहस्थांस आम्हीं बोलाविलें. त्यांनीं देवळाभोंवतीं दोन फेऱ्या घातल्या, भिंतीला चार ठिकाणीं हात लावला, आणि म्हणाले, "फादर, उत्तर मी इथें देत नाहीं. तुमच्या माणसांना घेऊन माझ्याबरोबर दोन ठिकाणीं चला. उत्तर तुम्हीच मला द्याल."

जाणत्याच्या मागें जथ्यानें जाऊन इमारती पाहण्याची ही चाल नवी नव्हे. ४८ व्या स्तोत्रांत स्तोत्रकर्ता लोकांस सियोनेभोंवतीं फिरून तिच्या बुरुजांची मोजदाद करावयास सांगतो. आणि कशासाठीं, तर पुढच्या पिढीला सांगतां यावें म्हणून. चवथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नांवाची एक भाविक स्त्री पश्चिमेकडून पवित्र भूमीस गेली. तिच्या लेखावरून दिसतें कीं, तेथील धर्मगुरू व संन्यासी तिला स्थळें दाखवीत आणि जेथें जी घटना घडली तेथें शास्त्रांतील तोच उतारा वाचीत. अर्थात् स्थळ, पुस्तक आणि वाटाड्या ह्या तिहींची सांगड आपल्या धर्मांत फार जुनी आहे.

परंतु यात्रेकरूची भक्ति आणि वास्तुविद्याची दृष्टि एकत्र येण्यास एका मोठ्या संकटाची गरज पडली. फ्रान्समध्यें १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर मठ व देवळें लिलावांत निघालीं. क्लूनी येथील मठाचें प्रचंड देऊळ विकत घेणाऱ्यांनीं १७९८ पासून पुढें सुमारें पंचवीस वर्षें दगडाच्या खाणीप्रमाणें पाडून विकलें. हें सारें घडत असतां गांवचे लोक पाहत उभे होते. कारण आपल्यापुढें काय पडत आहे हें त्यांस कोणीं शिकविलेंच नव्हतें. ह्या अज्ञानावर औषध शोधणारा एक नॉर्मन गृहस्थ म्हणजे आर्सिस द कोमों. हा १८०१ त बायो शहरीं जन्मला. १८३४ त त्यानें पुरातन वास्तूंच्या अभ्यासासाठीं व रक्षणासाठीं एक फ्रेंच मंडळ स्थापिलें. दरवर्षीं वेगळ्या प्रांतांत सभा भरवावयाची, आणि सभेच्या दिवसांत सभासदांनीं मिळून तेथील देवळें जाणत्यांबरोबर फिरून पाहावयाचीं, असा त्याचा परिपाठ. त्या जथ्यांत गांवोगांवचे धर्मगुरूही असत. पुढें इंग्लंडांत १८३९ त केंब्रिज येथें निघालेल्या एका मंडळानें तर छापील तक्तेच तयार केले. देऊळ पाहावयास जाणाऱ्यानें खांब, कमानी, खिडक्या, वेदी यांची नोंद त्यांत भरून आणावी, अशी योजना होती.

रोमेंतही असेंच घडलें. १८५४ त जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी ह्या विद्वानानें कालिस्तुसाच्या भुयारी दफनभूमींत प्राचीन पोपांच्या समाध्यांची खोली शोधून काढली, तेव्हां खुद्द नववे पियुस तेथें उतरले आणि फुटक्या शिलालेखांचे तुकडे जुळवून आपल्या पूर्वाधिकाऱ्यांचीं नांवें त्यांस दे रोस्सीनें वाचून दाखविलीं. पोपमहाशयांसही जेथें वाटाड्या लागला, तेथें आपल्यासारख्यांनीं संकोच कां करावा? आपल्या किनाऱ्यावर हें काम प्रथम डॉ. जोसेफ जेर्सन दा कुन्हा यांनीं हातीं घेतलें. हे गोमंतकीय वैद्य. चौल व वसई यांच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८७६ त निघाला. त्यामागून दोनच वर्षांनीं, १८७८ त, जुझे निकोलाव द फोन्सेका यांचा गोवा शहरावरील ग्रंथ आला. हे दोन्ही ग्रंथ आमच्या वास्तुविदांच्या पिशवींत होते.

पहिली फेरी घरचीच, वसईच्या किल्ल्याची. किल्ला आपल्यापैकीं कोणी पाहिला नाहीं? शाळेच्या सहली तेथें जातात, पोरें चेंडूफळी खेळतात. परंतु त्या सकाळीं आम्हांस असें वाटलें कीं, आपण तेथें पहिल्यानेंच आलों. आमच्या मार्गदर्शकांनीं नियम घालून दिला: पहिला पाव तास कोणीं बोलावयाचें नाहीं, कोणीं छायाचित्र घ्यावयाचें नाहीं. आधीं बाहेरून पूर्ण फेरी, मग आंत प्रवेश. आणि प्रत्येक देवळाला चार प्रश्न विचारावयाचे: वजन कोठून कोठें उतरतें? पाणी कोठून येतें व कोठें जातें? उजेड कोठून येतो? आणि माणसें कोठें उभीं राहत होतीं? "शैलीचीं नांवें मागाहून शिकतां येतील," ते म्हणाले, "ह्या चारांचीं उत्तरें भिंतच देते."

गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें १५३४ त वसई पोर्तुगिजांस दिली. १७३९ त चिमाजी अप्पांनीं ती जिंकून घेतली. ह्या दोन शतकांच्या काळांत फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, दोमिनिकन व आगुस्तिनियन अशा चारही संघांनीं येथें देवळें उभारलीं. फ्रान्सिस्कनांच्या देवळाची जमीन थडग्यांच्या कोरीव शिळांनीं भरलेली आहे. माणसें कोठें उभीं राहत ह्या प्रश्नाचें उत्तर तेथें असें मिळालें कीं, जिवंत माणसें आपल्या मृतांच्या मस्तकावर उभीं राहून प्रार्थना करीत. संत योसेफाच्या देवळावरील लेखांत १६०१ हें वर्ष व गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांचें नांव आहे. हें नांव लक्षांत ठेवा, असें आम्हांस बजावण्यांत आलें.

आमच्या जथ्यांत धर्मग्रामांतीलच एक जुने गवंडी होते. देवळाचा गिलावा खरवडण्याचें काम त्यांच्याच हातीं जावयाचें होतें. एका छप्पर नसलेल्या भिंतीपाशीं ते बराच वेळ थांबले, आणि कोनाड्याच्या आंत, पाऊस न पोंचणाऱ्या जागीं, नखानें कांहीं तरी खरवडूं लागले. तो चुन्याचा गिलावा होता. मग त्यांनींच आम्हांस दाखविलें: घडीव दगड केवळ कोपऱ्यांना, दारांना व कमानींना, बाकी भिंत सारी ओबडधोबड दगड चुन्यांत बसवून रचलेली. "फादर, ही भिंत उघडी ठेवायला बांधलेलीच नाहीं," ते म्हणाले. ज्या काळ्या दगडी भिंतींना आपण आजवर वाखाणीत आलों, ती मुळांत अंगरखा गमावलेली भिंत होती. मार्गदर्शक हंसले, परंतु कांहीं बोलले नाहींत.

त्यानंतर वसई रोडहून कोंकण रेल्वेनें आम्ही ४२ जण रात्रीच्या गाडीनें निघालों आणि करमळी स्टेशनवर उतरलों. तेथून जुनें गोवें जवळच. आल्बुकेर्क यानें २५ नोव्हेंबर १५१० रोजीं, संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशीं, गोवें घेतलें. म्हणून तेथील कॅथेड्रल त्याच संतेच्या नांवें आहे. आजच्या इमारतीचें काम १५६२ त निघालें. मुख्य अंग १६१९ त पुरें झालें आणि वेद्या १६५२ पर्यंत चालू होत्या. म्हणजे नव्वद वर्षें. आमच्या समितीस सारें काम सहा महिन्यांत हवें होतें, ह्याची आठवण कोणीं तरी हळूच करून दिली. बाहेरून ही इमारत साधी, बिनझालरीची. आंत शिरल्यावर मात्र खांबांवर नक्षी उमलते आणि मोठ्या वेदीवर संत कॅथरीनच्या हौतात्म्याचे प्रसंग सोन्यानें झळकतात. दर्शनी बाजूस दोन मनोरे होते. उत्तरेकडील १७७६ त कोसळला व तो पुन्हां उभा राहिला नाहीं. तरी दक्षिणेकडील मनोऱ्यांतील मोठी घंटा, जिला लोक सोन्याची घंटा म्हणतात, ती तेथें आहेच, आणि मिस्साही खंडली नाहीं. देवळाचें वैभव गेलें तरी देऊळ राहतें, हा पहिला धडा.

शेजारचें संत फ्रान्सिस असीसीकर याचें देऊळ १६६१ त नव्यानें बांधलें गेलें. परंतु बांधणारांनीं आधींच्या देवळाचा दरवाजा तसाच राखून नव्या भिंतींत बसविला. तो पोर्तुगालचा राजा मानुएल याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या घाटाचा आहे. साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या माणसांसही जुनें सारें मोडून टाकणें सोपें होतें; त्यांनीं तें केलें नाहीं.

आतां ज्यासाठीं हा प्रवास झाला तें बॉम जेझुसचें देऊळ. ह्याचा पाया १५९४ त घातला, आणि १६०५ च्या मे महिन्यांत त्याचें पवित्रीकरण झालें. तें कोणीं केलें? वसईच्या लेखांत ज्यांचें नांव आम्हीं वाचलें होतें, त्याच आर्चबिशप मेनेझिस यांनीं. दर्शनी भिंत खालून वर वाचीत जावें: तीन दारें, त्यांवर तीन चौकोनी खिडक्या, त्यांवर तीन गोल गवाक्षें, आणि सर्वांवर चौकटींत येशूनामाचीं अक्षरें. डोळा जसा वर चढतो तशी भिंत हलकी होत जाते. आंत मोठ्या वेदीवर बाल येशू, त्यावर संत इग्नासियुस, आणि त्याची दृष्टि वरच्या येशूनामाकडे लागलेली. बाजूस संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधि आहे. तिचा संगमरवरी चौथरा तोस्कानाचे महाड्यूक तिसरे कोसिमो यांनीं देणगी दिला. फ्लोरेन्सच्या फोज्जीनी ह्या शिल्पकाराचें तें काम १६९८ त येथें बसविलें गेलें. वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्याच सोनारांच्या हातची.

ह्या देवळाची भिंत जांभ्या दगडाची आहे. परंतु दर्शनी भागांतील खांब व कोरीव काम काळ्या दगडाचें, आणि तो दगड वसईहून आणला असें इतिहासकार सांगतात. हें ऐकतांच आमच्या बायांनीं पुढें होऊन त्या खांबांना हात लावला. एका आजीबाईंनीं तर खांबावरून हात फिरवून तो कपाळाला लावला. चारशें वर्षांपूर्वीं आपल्या मुलखांतून निघालेला दगड तेथें उभा होता, आणि त्याला भेटावयास त्याच मुलखांतलीं माणसें आलीं होतीं.

परंतु आमच्या गवंडीदादांचें लक्ष खांबांकडे नव्हतें. ते बाजूच्या तांबड्या भिंतीकडे पाहत होते. "ही भिंत खाल्लेली दिसते," ते म्हणाले. "हिचा गिलावा कुठें गेला?" तेव्हां मार्गदर्शकांनीं सांगावयास सुरुवात केली. हें देऊळ मुळांत गिलावा केलेलें, पांढरें होतें. जुन्या चित्रांत तें तसेंच दिसतें. विसाव्या शतकाच्या मध्यास, १९५२ त झालेल्या संतदेहाच्या दर्शनोत्सवाच्या सुमारास, पोर्तुगीज अमलांत तो गिलावा उतरविण्यांत आला. आंतला दगड उघडा केला म्हणजे इमारत अधिक प्राचीन व भारदस्त दिसेल, असा विचार. जांभा दगड सच्छिद्र. कोंकणचा पाऊस तो पितो, वाळतो, पुन्हां पितो, आणि थोडा थोडा झिजतो. आतां त्यावर पुन्हां गिलावा करावा कीं करूं नये यावर जाणत्यांत व लोकांत मतभेद आहेत. कारण दोन पिढ्यांच्या डोळ्यांस तांबडें देऊळच खरें वाटूं लागलें आहे. "एकदां सोललेलें देऊळ पुन्हां झांकणें सोपें नसतें," ते म्हणाले; "चुन्यापेक्षां माणसांचें मन वळवायला जास्त वेळ लागतो."

भारदस्त दिसेल! अगदीं हाच शब्द आम्हीं आमच्या बैठकींत वापरला होता. कोणीं आमच्याकडे पाहिलें नाहीं, तरी आमचे कान तापले.

आमच्यांतील एका तरुणानें रास्त शंका काढली कीं, आपला दगड जांभा नाहीं, काळा आहे. तो पावसानें झिजणार नाहीं. मार्गदर्शकांनीं ती शंका मान्य केली. काळा दगड टिकेल. परंतु ज्या चुन्यांत तो बसला आहे तो सांध्यांचा चुना उघडा पडला कीं धुपेल, आणि सांधे गेले म्हणजे दगड सुटेल. सिमेंटनें सांधे बंद केले तर काय होईल? जुनी भिंत जमिनींतून ओल घेते व चुन्यावाटें ती बाहेर टाकते; दोहोंबाजूंनीं सिमेंट व तैलरंग लावला म्हणजे ती ओल आंतच कोंडते, क्षार फुटतात, आणि गिलावा पापुद्र्यांनीं सुटतो. देवळावरील हिरव्या डागांचें मूळ गिलाव्यांत नाहीं. छपराच्या फुटक्या पन्हाळींत व भिंतीलगत चढलेल्या मातींत आहे. पाणी कोठून येतें व कोठें जातें, हा प्रश्न आम्हीं आमच्याच देवळाला कधीं विचारला नव्हता.

संध्याकाळीं पवित्र टेकडीवरील संत आगुस्तीनच्या भग्न देवळापाशीं गेलों. १६०२ त पुरें झालेलें हें देऊळ गोव्यांतील अतिभव्य देवळांपैकीं एक होतें. १८३५ त पोर्तुगीज सरकारनें धार्मिक संघ बंद केले, संन्यासी गेले, दारें लागलीं; आणि १८४२ त छपराची मोठी कमान खालीं आली. १९३१ त दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज सुमारें ४६ मीटर उंचीचा तो उरलेला अर्धा मनोरा आभाळांत एकटा उभा आहे. तोफ नाहीं, भूकंप नाहीं, शत्रु नाहीं; केवळ माणसें निघून गेल्यापासून सातव्या वर्षीं छप्पर कोसळलें. येशूसंघीयांसही १७५९ त गोवें सोडावें लागलें होतें. परंतु बॉम जेझुसला संताच्या पायीं लोक येत राहिले आणि तें देऊळ वांचलें. संत आगुस्तीनच्या देवळाची मोठी घंटा आज पणजीच्या निष्कलंक मातेच्या देवळांत वाजते. तेथेंच पडलेल्या भिंतींमध्यें उभे राहून आम्हीं रोजरी म्हटली. एवढी शांत रोजरी आमच्या धर्मग्रामानें क्वचितच म्हटली असेल.

परत आल्यावर समितीची बैठक झाली. मार्गदर्शकांस उत्तर देण्याचें काम आम्हीं गवंडीदादांवर सोंपविलें. ते एवढेंच म्हणाले, "गिलावा काढायचा नाहीं. जिथें गेला आहे तिथें चुन्याचाच करायचा." ठराव त्याच शब्दांत लिहिला गेला. आधीं पन्हाळी दुरुस्त झाल्या, भिंतीलगतची माती हातभर खालीं नेली, मग चुना भिजत घातला.

हें सर्वांस रुचलें असें मात्र नाहीं. चुन्याचें काम सावकाश चालतें. तो पुरता भिजावा लागतो, थर वाळूं द्यावे लागतात. ज्युबिलीच्या मुख्य दिवशीं उत्तरेकडील भिंतीला परांची तशीच बांधलेली असेल आणि पाहुण्यांस अर्धवट देऊळ दिसेल, ह्याचें कित्येकांस वाईट वाटतें. त्यांत ज्यांनीं कष्टाच्या पैशांतून देणगी दिली असेही आहेत. त्यांची आम्ही मनापासून क्षमा मागतों. परंतु ज्यांनीं हें देऊळ बांधलें त्यांनीं तें आपल्या एका दिवसासाठीं बांधलें नव्हतें, एवढें त्यांनीं ध्यानीं घ्यावें.

पुढें अशा यात्रा निघाव्या अशी आमची इच्छा आहे. म्हणून दोन शब्द. जथा लहान असावा, पन्नासांच्या वर नसावा, म्हणजे शेवटच्यासही ऐकूं जातें. एका दिवसांत तीनांपेक्षां अधिक देवळें पाहूं नयेत. बरोबर जाणता असावा, आणि एखादा गवंडी किंवा सुतार अवश्य असावा. कारण विद्वानास जें पुस्तकांतून कळतें तें हातानें काम करणाऱ्यास बोटांतून कळतें, आणि दोघे एकमेकांस विचारूं लागले म्हणजे बाकीच्यांस आपोआप शिक्षण मिळतें. आणि परत आल्यावर प्रत्येकानें आपल्याच देवळाभोंवतीं एक फेरी घालावी. जें गोव्यांत पाहिलें तें घरीं पाहतां आलें नाहीं, तर प्रवास फुकट गेला.

ज्युबिलीच्या दिवशीं परांची पाहून कोणी पाहुण्यानें कारण विचारलें, तर आमच्या मुलांनीं त्याला हात धरून भिंतीपाशीं न्यावें आणि ते चार प्रश्न विचारावयास शिकवावें. ज्या प्रभूच्या नांवानें ह्या भिंती उभ्या राहिल्या, तो त्या राखण्याची बुद्धि आम्हांस व आमच्या मागून येणारांस देवो.